आईला वाल वर्ज

मी कर्जतच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. धड्याखालच्या शब्दार्थांत 'वर्ज्य' हा शब्द अधूनमधून यायचा. फळ्यावर अर्थ लिहायचा, 'सोडून देण्याजोगे, निषिद्ध', आणि मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगायचं. मुलं हमखास एकच वाक्य लिहायची, 'मधुमेह झालेल्यांना साखर वर्ज्य आहे.' मी बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळायचे. चूक काहीच नव्हतं. पण दर वेळी मनात यायचं की यांना अर्थ कळला, शब्द नाही कळला. तो कळायला आमच्या पोशीरच्या घरात जन्म घ्यायला हवा होता.

आमच्याकडे बोलताना तो 'वर्ज' असा यायचा आणि फार जपून यायचा. नावडत्या गोष्टीला आमच्याकडे 'नको' म्हणत. जातीपातीच्या, देवाधर्माच्या कारणाने जे करत नसत त्याला 'आमच्यात चालत नाय' म्हणत, आणि असं न चालणारं पुष्कळ होतं. वर्ज या दोन्हींच्या पलीकडचं. माणूस गेलं की त्याच्या अगदी जवळच्याने त्याच्या आवडीचं एखादं खाणं कायमचं सोडायचं. सोडणाऱ्यालाही ते आवडत असायला हवं. कारलं कोण वर्ज करील? मुळात जे घशाखाली उतरत नाही ते सोडण्यात कसला आलाय मोठेपणा? म्हणजे शाळेत मी जो अर्थ शिकवत होते त्याच्या बरोबर उलटं आमच्या घरात होतं. जे नकोसं ते वर्ज नसायचं. जे हवंहवंसं, तेच असायचं.

आत्याला आंबा वर्ज होता. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली. तिच्या नवऱ्याला आंबा फार आवडायचा, म्हणून तिने आंबा सोडला. मे महिन्यात ओटीवर अढी लावायची तीच, पिकलेले निवडायची तीच, आम्हा पोरांसाठी रस काढायचीही तीच, आणि मग कोपरापर्यंत पिवळे झालेले हात मोरीवर धुऊन टाकायची. एक बोटसुद्धा तोंडात घालायची नाही. मला लहानपणी ते बघून तिचा रागच यायचा. इतकं काय ते!

एकदा परीक्षेच्या दिवसांत मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं होतं, "मला गणित वर्ज हाय." आई चुलीपुढे बसली होती. तिने उलथन्याचा दांडा माझ्या पोटरीवर असा हाणला की मी ओरडायचीच विसरले. "त्या शबदाशी खेळायचं नाय, सांगून ठेवते," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. आईने मला मारल्याच्या आठवणी फारशा नाहीत, म्हणून ही राहिली आहे.

आईचे वाल म्हणजे आमच्या घरचं वैभव होतं. भातकापणी झाली की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरायचो, आणि मग पुढचं सगळं वर्ष घरात वाल असायचे. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. आई सोलायला बसली की अंगठा आणि बोट यांच्यात दाणा धरून एवढंसं दाबायची आणि तो सालीतून टुणकन उडी मारून पातेल्यात पडायचा. माझा धाकटा भाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि उडालेले दाणे हवेतच झेलायचा प्रयत्न करायचा. सोलण्यात मदत शून्य. लसणीच्या फोडणीचं, वर ओलं खोबरं घातलेलं बिरडं झालं की त्याची वाटी पहिली. आईही त्याच्या शेजारी बसून तेवढ्याच आवडीने खायची. दोघं मायलेक बिरडं खाताना बोलत नसत, इतकं ते गंभीर काम होतं.

तो मोठा झाला आणि खालापूरकडे कुंभिवलीच्या एका कंपनीत लागला. पोशीरहून मोटरसायकलने जायचा यायचा. एका संध्याकाळी हायवेवर, कुंभिवलीच्या थोडं अलीकडे, टेंपोने त्याला उडवलं. त्याचं लग्न व्हायचं होतं. माझं नुकतंच झालं होतं. मला त्या दिवसांतलं फार काही लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

तेराव्याच्या जेवणात कुणीतरी आठवणीने वालाचं बिरडं केलं होतं, त्याला आवडायचं म्हणून. आईपुढे पान आलं. तिने बिरड्याची वाटी उचलून पानाबाहेर ठेवली आणि म्हणाली, "मला वाल वर्ज." आत्या तिच्या शेजारी होती. ती नुसतं "हां" म्हणाली. झालं. कुणी रडलं नाही, कुणी समजूत घातली नाही. आमच्याकडे हा शब्द एकदाच बोलायचा असतो. त्यानंतर त्यावर बोलणं नाही, सवलत नाही.

आणि पुढे तीसेक वर्षं आईने वाल पेरले, काढले, भिजवले, सोलले आणि शिजवले. खाल्ले मात्र नाहीत. मी माहेरी गेले की बिरडं ठरलेलं. पळीभर रस्सा माझ्या तळहातावर घालून विचारायची, "मीठ बग गं." मी चाखून सांगायचे. मी नसले की वडिलांना चाखायला लावायची, आणि ते कायम "बरोबर हाय" म्हणायचे, कारण त्यांना खारट-अळणी काही कळतच नसे. पण आईचा अंदाज चुकला असं मला आठवत नाही. ती वासावर मीठ घालायची. फोडणीचा वास घरभर सुटला की ती डोळे मिटून क्षणभर उभी राहायची, मग परत कामाला लागायची. मला कळायचं, की आत्ता तो आला होता.

वडील गेल्यावर काही वर्षं ती आणि आत्या दोघीच पोशीरच्या घरात राहिल्या. मग आई विसरायला लागली. आधी मीठ. आईच्या हातचं बिरडं खारट झालं तेव्हा मी हसले होते. मग गॅस चालू ठेवून ओटीवर जाऊन बसणं. मग शेतावर जाते म्हणून निघाली आणि भलत्याच वाटेला सापडली. आत्याला हे सगळं झेपेना, आणि मी तिला भिसेगावला माझ्या घरी आणलं. आधीची आई असती तर आली नसती. लेकीच्या घरी राहायचं नाही, हे तिच्या 'चालत नाय'मधलं होतं. पण तेही ती विसरली होती. गाठोडं घेऊन आली, बाल्कनीतल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बरं हाय गं हितं." मी आत जाऊन रडले. आई विसरली म्हणून मला मिळाली, याचा आनंद करायचा की काय करायचं तेच कळेना.

त्या थंडीत आत्याने वाल पाठवले. मी भिजवले, मोड आणले आणि सोलायला आईपुढे ठेवले. दिवस कुठला, वार कुठला, नातू कोणता, हे काही तिला सांगता येत नव्हतं. पण हात तसेच चालत होते. दाणे उडत होते, पातेल्यात पडत होते. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, मला सोलायला तिच्या दुप्पट वेळ लागतो. मी तिच्याकडे बघत बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं.

जेवायला बसलो. मी तिला भात, आमटी, मेथीची भाजी वाढली. ती बघत राहिली.

"बिरडं कुठं हाय? वास येतोय."

"आये, तुला वर्ज हाय ना."

"कशापाई?"

मी घास हातात धरून बसले. तिने खरंच विचारलं होतं. डोळ्यांत भाबडी उत्सुकता होती. आणि मला, जन्मभर मुलांच्या प्रश्नांची उत्तरं देण्याची सवय लागलेल्या बाईला, वाटलं की विचारलंय तर सांगितलं पाहिजे. मी हळू आवाजात सांगितलं की भाऊ गेला ना, तेव्हा तू सोडलेस.

"कोन गेला?"

मी सांगितलं.

ते तिने पहिल्यांदा ऐकलं. तेराव्याच्या पानावर न रडलेली माझी आई ताटासकट जमिनीवर कोसळली. "कवा? कवा गं? मला सांगितला कसा नाय कोनी? त्याचं तोंड पन नाय दावलंत मला..." मी तिला धरून सांगत होते की तू होतीस, आये, तू बघितलंस, तूच त्याच्या तोंडावरनं हात फिरवलास. तिला ते खोटं वाटत होतं. आपल्या पोराचं सगळ्यांनी तिच्यामागे आटोपलं आणि तिला कळू दिलं नाही, असं तिला वाटत होतं. माझ्या नवऱ्याने तिला कसंबसं उठवून पलंगावर निजवलं. झोपून उठली तेव्हा सगळं विसरली होती. फक्त डोळे सुजले होते आणि छातीवरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "हितं काय तरी होतंय गं. काय झालंय?" कारण गेलं होतं आणि रडू मात्र मागे राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिने पुन्हा विचारलं, "वाल सोललेले ना काल? वाढ की."

तेव्हापासून माझ्या घरात 'वर्ज' हा शब्द तोंडातून काढायची सोय राहिली नाही. काढला की तिचं 'कशापाई' यायचं, आणि त्याचं उत्तर दिलं की तिचा मुलगा त्या जागी, त्या क्षणी मरायचा. मी थापा मारून बघितल्या. तुला पित्त होतं म्हटलं, तर म्हणे मला जन्मात कधी झालं नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हटलं, तर म्हणाली, "डाक्टरला काय ठावं? त्यानं वाल पेरलेत का कधी?" बिरडं संपलं म्हटलं तर उठून पातेलं बघायला निघाली. शेवटी मी वाल करायचेच बंद केले. डबा माळ्यावर टाकला. पण आमच्या इमारतीत सगळी याच भागातली, वालावर वाढलेली माणसं. खालच्या मजल्यावर कुणीतरी बिरडं केलं की वास जिन्याने वर यायचा, आणि ती दारात जाऊन उभी राहायची. मी चिडायचे. तिच्यावर, खालच्या बाईवर, नवऱ्यावर. नवरा म्हणाला, "अगं, खाऊ दे की. काय होणारे?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. तुझी आई असती तर कळलं असतं, असं म्हणाले. त्याची आई कधीच गेली आहे बिचारी. तो चपला घालून खाली फेरी मारायला गेला.

मग आईने जेवण कमी केलं. ठरवून नव्हे. तिला भूकच लागेना. भात चिवडत बसायची, दोन घास खाऊन हात धुवायची. खीर केली, मासे केले, तांदळाची गरम भाकरी करून बघितली. मनगटं काड्यांसारखी झाली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात आता पथ्य वगैरे काही नाही, जे मागतील ते द्या, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. जे मागतील ते! ती एकच गोष्ट तर मागत होती.

तिच्या जिवासाठी तिचा शब्द मोडायचा, की तिच्या शब्दासाठी तिला असंच वाळू द्यायचं? आणि शब्द मोडायचा अधिकार मला कोणी दिला? तो तिने माझ्यासाठी पाळला नव्हता. तीस वर्षं डोळे मिटून वासावर काढलेली, आणि आता तिला कळत नाही म्हणून मी तिच्या तोंडात वाल घालायचे. चोरून केल्यासारखं वाटत होतं. मी आत्याला फोन केला आणि ये म्हटलं. का ते फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

आत्या पोशीरहून रिक्षा करून आली. गुडघे गेलेत, जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाय. गेल्याल्याला दिल्याला शबूद हाय तो. तो मागं घेता येत नाय."

"आत्ये, तिला आठवत पन नाय शब्द दिल्याला."

"तिला नसंल. मला आठवतंय. मी बाजूला होते."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, तुझा आंबा तुझ्यापाशी ठेव. तुझ्या आंब्याने तुझा नवरा परत आला का? माझी आई उपाशी मरतेय आणि तू मला शब्द सांगतेस. असंच काहीबाही बोलत सुटले. माझ्या तोंडाला आवर नाही हे सगळ्या पोशीरला माहीत आहे.

आत्या रागावली नाही. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "त्याचं तोंड आठवत नाय मला, बाय. येवढीशी होते. फोटू काढलेला नाय. आवाज पन गेला. आंब्याचं दिस आलं का तेवढा येतो. मी हात लावला आंब्याला, तर तो कुठं येनार? कोन हाय त्याचं दुसरं?"

मी तिला लहानपणापासून हट्टी म्हणत आले होते, आणि ती बाई इतकी वर्षं फक्त एका माणसाला यायला जागा ठेवत होती. मी तिच्या गुडघ्याला तेल लावत बसले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात आतून आई आली. आत्याला बघून तिचा चेहरा उजळला. आत्या तिला ओळखू येते, मी मात्र कधी येते कधी येत नाही. "वन्सं! कवा आलात? जेवलात का?" मग माझ्याकडे वळून, "बाय, वन्संना बिरडं कर गं. आनि मला पन वाढ. मला लई भूक लागलीय."

'भूक लागलीय' हे तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. पण 'नाय' म्हणाली नाही. माळ्यावरचा डबा काढून वाल भिजवून मोड आणायचे म्हणजे परवावर गेलं असतं. मी खालच्या मजल्यावर गेले आणि त्या बाईकडून सोललेले वाल मागून आणले. फोडणी करताना लसूण करपली. मीठ किती घालावं कळेना, आणि चाखून सांगायला आज कुणाला हाक मारावी तेही कळेना.

आई जेवली. वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायली. बोलली नाही, अगदी पूर्वीसारखी गंभीर होऊन खात होती. आत्याची पाठ आमच्याकडे होती आणि ती पाठ हलत होती. वाटी रिकामी झाल्यावर आईने बोटं चाटली आणि मला विचारलं, "त्याला ठेवलंस का?"

"कोनाला?"

"कोनाला म्हंजे? कंपनीतनं येईल आता. आधी त्याचं काढून ठेवायचं ना. जा, काढ."

आत्याच उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, वाटीत बिरडं काढलं, वर ताटली झाकली आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "ठेवलंय हो वयनी. ह्ये बगा." जाताना मला एकच म्हणाली, "तिचं सुटलं. देव बरा हाय म्हनायचा का वायट, तूच ठरीव." मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर आई जेवायला लागली. अंगावर थोडं मांस चढलं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा मला वाल करावेच लागत, आणि दर वेळी झाकलेली वाटी ओट्यावर ठेवावीच लागे. अन्न टाकायचं कसं? माझ्या नवऱ्याला वालाने पोटात गुबारा धरतो, सगळ्या घराला त्याचा त्रास. पण तो दर वेळी दुपारच्या चहाआधी गुपचूप ती वाटी संपवायचा आणि धुऊन पालथी घालायचा. आई उठून यायची, पालथी वाटी बघायची आणि समाधानाने म्हणायची, "जेवला वाटतं." मग खुर्चीत जाऊन बसायची. आमच्या घरी माझा भाऊ असा जेवत होता. पहिले काही दिवस मला ते सहन होत नव्हतं. मग मीही विचारायला लागले, "जेवला का गं?" आणि ती म्हणायची, "हां, वाटी धुऊन पन ठेवली. शहाना झालाय."

ती सुखी होती. हे मी कबूल केलं पाहिजे. तिचा मुलगा कंपनीत जात होता, येत होता, तिच्या हातचं खात होता. त्याच्या जाण्याचं दुःख आता कुणाकडेच राहिलं नव्हतं, असं झालं होतं. एका दुपारी मी जेवायला बसले, बिरड्याचा घास उचलला, आणि माझ्या मनात आलं की आता आत्या म्हणते तसा तो येणार कुठे? वडील नाहीत. आई त्याला जिवंत करून बसली आहे. मोटरसायकलवरून घराकडे निघालेला आणि न पोचलेला जो होता, त्याला आता कोण आहे? मी घास खाली ठेवला. वाटी पानाबाहेर काढली. शब्द उच्चारला नाही. तो ऐकून 'हां' म्हणायला तिथे कुणी नव्हतं. नवऱ्याने बघितलं आणि काही न विचारता माझीही वाटी स्वतःकडे ओढली. त्या माणसाच्या पोटाचं काय होत असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

तेव्हापासून मी वाल सोलते, शिजवते आणि वासावर मीठ घालते. माझा अंदाज आईसारखा नाही. अजून चुकतो. तळहातावर रस्सा घेऊन मी आईपुढे धरते, "मीठ बग गं, आये." ती चाखते. "थोडं घाल," म्हणते, आणि ते बरोबर असतं.

परवा आम्ही दोघीच जेवत होतो. ती बिरडं खात होती, मी आमटीभात. तिने मध्येच हात थांबवला आणि माझ्या पानाकडे बघितलं.

"तू का नाय घेतलंस?"

"मला नको."

"नको कसा? वाल कोनाला नको असतात?" तिने माझ्याकडे नीट, जुन्या नजरेने बघितलं. पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं तसं. आवाज उतरला. "वर्ज हाय का गं तुला?"

मी मान हलवली. शब्द तिच्याकडूनच आला होता. इतकं सगळं गेलं तरी तो तिच्यापाशी शिल्लक होता.

"कोनापाई सोडलंस?"

तिने वाटी खाली ठेवली आणि खरकट्या हाताने नाही, डाव्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लई जवळचं होतं?"

"हां."

"मोटं मानूस का ल्हान?"

"माझ्याहून ल्हान."

ती चुकचुकली. हात पाठीवर तसाच होता. "आई हाय का गं त्याची?"

"हाय, आये."

"अगं बाय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी. घास कसा उतरत असंल गं तिला?"

तिने पदराने डोळे पुसले, वाटी उचलली, आत बघितलं आणि माझ्यापुढे धरली.

"मला आजून थोडं वाढ. आनि त्याचं आधी काढून ठेव."